‘दादा बर्डीले जाला’ : लहानग्यांच्या चुकांची पार्श्वभूमी

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तीन वर्षांची भाची आहे. वर्षभरापूर्वी ती ‘काऊ गेला’ असं अगदी बरोबर म्हणायची. आता म्हणते, ‘दादा बर्डीले जाला.’ म्हणजे दादा बर्डीला, सीताबर्डीच्या बाजारात, गेला. पोरीची भाषा बिघडली, म्हणून तिची आई काळजीत आहे. पण या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलांच्या बोलण्याच्या नोंदी आधी आईबापांनीच ठेवल्या. डार्विनने आपल्या मुलाबद्दल सदतीस वर्षांपूर्वी टिपलेलं 1877 साली छापलं. क्लारा आणि विल्यम स्टर्न या जर्मन जोडप्याने स्वतःच्या लेकरांच्या रोजनिशीवरून 1907 मध्ये आख्खा ग्रंथ लिहिला. पुढे 1957 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनरने मांडलं, की भाषा ही शाबासकीतून जडलेली सवय आहे. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने 1959 मध्ये ते मत जोरात खोडून काढलं.

मला मात्र या वादापेक्षा मुलांच्या भाषेची अभ्यासक जीन बर्को हिची 1958 ची चित्रं मोलाची वाटतात. तिने पक्ष्यासारखा एक प्राणी काढला, त्याला ‘वग’ हे मनचं नाव दिलं आणि असे दोन असले तर काय म्हणाल, असं मुलांना विचारलं. कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन मुलांनी बरोबर केलं. म्हणजे पाठांतराच्या पलीकडे त्यांच्याजवळ नियम होता. आमच्या पोरीचंही तेच. बस-बसला, उठ-उठला, मग जा-जाला! आधीचं ‘गेला’ तिने नुसतं उचललेलं होतं. ‘जाला’ तिने स्वतः घडवलं.

उच्चारांचंही असंच. ती ‘काका’ला ‘ताता’ म्हणते. मी लाडाने ‘ताता आले का?’ विचारलं, तर चिडली : ‘ताता नाही, ताता!’ ‘काका’ म्हटल्यावर शांत झाली. बर्को आणि मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी 1960 मध्ये ‘फिश’ला ‘फिस’ म्हणणाऱ्या मुलाची अशीच हकिकत नोंदवली आहे. कानाला फरक कळतो, जीभ मागे असते. कान तर फारच आधी तयार होतो. वर्कर आणि टीस या संशोधकांनी 1984 मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ सारखे ध्वनी वेगळे ओळखतात. वर्षाची होता होता बहुतेकांची ती ओळख जाते. आपल्या बाळांची टिकते, कारण घरात दिवसभर दोन्ही ऐकू येतात.

आता ‘बर्डीले’. ही चूकच नाही. आजी वर्ध्याकडची, तिच्या तोंडी ‘ला’च्या जागी ‘ले’ : मले, तुले; आणि डोळ्याला डोया. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905 च्या सातव्या खंडात या वऱ्हाडी-नागपुरी बोलीची नोंद आहे. पोरीने ऐकलं ते जसंच्या तसं उचललं. पण एका बालवाडीत ‘जाला’ आणि ‘बर्डीले’ दोन्ही एकाच सुरात दुरुस्त केले गेले, आणि पोर आठवडाभर आजीशी कमी बोलली. याचं मला आजही वाईट वाटतं.

ब्राउन आणि हॅनलन यांना 1970 मध्ये दिसलं, की आईबाप व्याकरण क्वचितच सुधारतात. बोलणं खरं आहे का, एवढंच बघतात. आणि तरीही मुलं शिकतात. ‘जाला’सारखी रूपं कायम राहत नाहीत, बरोबर रूपांच्या सोबतीने काही काळ नांदतात. परवाच एका दमात ती म्हणाली, ‘दादा जाला, आजी पण गेली.’