गुडघा बदलायचाच आहे, मग आधी व्यायाम कशाला?

"सांधा झिजलाय, हलवाल तेवढा आणखी झिजेल; ऑपरेशनपर्यंत बसून राहा" हा सल्ला घरोघरी मिळतो. तो चुकीचा आहे. बसून राहिल्याने मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो, तोल बिघडतो. आणि ऑपरेशननंतर वॉकर धरून उभं राहताना नेमकी त्यांचीच गरज लागते.

तोलासाठी हा व्यायाम करा: मागून पट्टा असलेली चप्पल घालून, कोरड्या फरशीवर, ओट्याला बोटं टेकवून उभे राहा. आधी पावलं जुळवून, काही दिवसांनी एकामागे एक ठेवून. 10 ते 30 सेकंद, 3 वेळा. बहुतेकजण ओट्यावर सगळा भार टाकतात. मग तोल हातच सांभाळतात, पाय आयतेच! डोळे मिटण्याचा हट्ट नको. दुसऱ्या दिवशी सूज किंवा दुखणं वाढलं, तर वेळ निम्मी करा. चक्कर येत असेल, तर फिजिओथेरपिस्टसमोरच.