मेन्यू फोटोंच्या मागे का जातो: दाखवा-लपवा कोडची पार्श्वभूमी

एका पतसंस्थेच्या साइटचं काम माझ्याकडे आलं तेव्हा तक्रार एका ओळीची होती: 'मेन्यू फोटोंच्या मागे जातो.' कोड उघडला तर मेन्यूचा झेड-इंडेक्स, म्हणजे कोण वर आणि कोण खाली हे ठरवणारा आकडा, ९९९९९. आधी ९९९ असणार, मग कुणीतरी एकेक नऊ वाढवत गेलं असणार. मेन्यू काही वर आला नव्हता, कारण चूक मेन्यूत नव्हतीच. मेन्यू ज्यात होता तो हेडर, म्हणजे पानाचा माथ्यावरचा पट्टा, वरून घसरत यावा म्हणून त्याला ट्रान्सफॉर्म (सरकवण्या-फिरवण्याची सूचना) लावला होता. ट्रान्सफॉर्म लागला की त्या एलिमेंटचा (पानावरच्या घटकाचा) स्वतंत्र गठ्ठा बनतो आणि आतल्या मेन्यूचा आकडा त्या गठ्ठ्यापुरताच मोजला जातो. अख्खा गठ्ठाच फोटोंच्या खाली असेल, तर आत कितीही नऊ लिहा, फरक पडत नाही.

असे दोष शोधताना मला इतिहास खरोखर उपयोगी पडतो. वेब पान मुळात कागदासारखं होतं, एकाखाली एक मजकूर. 'याच्यावर ते' ही सोय नंतर, तुकड्यातुकड्यांनी आली आणि प्रत्येक तुकड्याने आपापले दोष मागे ठेवले. दोष कुठल्या काळातला आहे हे ओळखलं की कुठे बघायचं ते कळतं.

सुरुवात १९९७ची. नेटस्केप ४ या ब्राउझरने 'लेयर' (थर) नावाचा टॅग आणला, इंटरनेट एक्स्प्लोरर ४ने वेगळीच वाट धरली. नेटस्केपमध्ये थर दाखवायला 'शो' आणि लपवायला 'हाइड' लिहायचं, एक्स्प्लोररमध्ये 'व्हिजिबल' आणि 'हिडन'. एलिमेंट शोधायची पद्धतही निराळी. म्हणजे एकच मेन्यू दोनदा लिहायचा आणि ब्राउझर कोणता ते आधी तपासायचं. मे १९९८मध्ये सीएसएस २ (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेची दुसरी आवृत्ती) हे प्रमाण ठरलं, पण ब्राउझर त्याला धरून वागायला पुढे कित्येक वर्षं गेली.

लपवण्याचे दोन प्रकार तेव्हापासूनचे. 'डिस्प्ले नन' केलं की एलिमेंट जागा सोडतो, 'व्हिजिबिलिटी हिडन' केलं की जागा अडवून ठेवतो. पुढे अलगद विरणाऱ्या मेन्यूंसाठी ओपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, शून्य करायची सवय लागली. ही सर्वांत फसवी. मेन्यू दिसत नाही, पण असतो तिथेच आणि क्लिक झेलतो. 'बटण दाबलं तरी काही होत नाही' अशी तक्रार आली, की बटणावर असा अदृश्य थर पसरलाय का ते मी आधी बघतो.

२००१च्या एक्स्प्लोरर ६मध्ये माउस नेल्यावर शैली बदलायची सोय फक्त लिंकला होती. यादीतल्या ओळीवर माउस नेला तर काहीच व्हायचं नाही. नोव्हेंबर २००३मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी 'सकरफिश' नावाचा ड्रॉपडाउन (खाली उघडणारा मेन्यू) मांडला: साधी यादी, सीएसएस आणि एक्स्प्लोररसाठी मोजक्या ओळींची स्क्रिप्ट. माझ्या मते, मेन्यू माणसाला वाचता येईल अशा कोडमध्ये आला तो तिथे. पण फॉर्ममधली पर्याय निवडायची सिलेक्ट पेटी त्याच एक्स्प्लोररमध्ये झेड-इंडेक्सला न जुमानता मेन्यूतून वर डोकवायची. उपाय म्हणून मेन्यूखाली रिकामी आयफ्रेम (पानात दुसरं पान दाखवणारी चौकट) सरकवायची. पाहणाऱ्याला ते काय आहे कळायचंही नाही.

२००४मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २सोबत एक्स्प्लोररमध्येही पॉपअप खिडक्या अडवायची सोय आली. मग जाहिराती पानाच्या आतच ओव्हरले, म्हणजे मजकुरावर पसरणारा थर, होऊन बसल्या, आणि त्यांना खिडकीसारखं आपसूक बंद करायचं बटण नव्हतं. २००६मध्ये जॉन रेसिगच्या जेक्वेरी या तयार जावास्क्रिप्ट कोडच्या संग्रहाने 'शो', 'हाइड', 'टॉगल' एका शब्दावर आणले. त्याचाही एक खास दोष आहे: माउस भरभर आतबाहेर केला की ॲनिमेशनांची रांग लागते आणि हात काढल्यावरही मेन्यू उघडझाप करत राहतो. आधी 'स्टॉप' बोलावलं की थांबतो. जुन्या साइटवर हे आजही भेटतं.

२००७मध्ये आयफोन आला. बोट पडद्यावर नुसतं तरंगत नाही, त्यामुळे माउस नेल्यावर उघडणारे मेन्यू अडकले. याहून मोठी अडचण कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्यांची होती, आणि तिच्याकडे आम्ही फार उशिरा पाहिलं याची मला खंत आहे. ओव्हरले उघडा असताना टॅब दाबला की फोकस (कीबोर्डने निवडलेली जागा) मागच्या पानात निघून जायचा. ज्याला दिसत नाही त्या माणसाला आपण कुठे आहोत हेच समजायचं नाही. जून २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ने (अपंगांनाही वेब वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी) माउस किंवा फोकसमुळे उघडणाऱ्या मजकुरासाठी नियम घातला: तो बंद करता यावा, त्यावर माउस नेता यावा आणि तो आपोआप नाहीसा होऊ नये.

ब्राउझरने ही जबाबदारी स्वतःकडे घेतली ती अलीकडे. डायलॉग एलिमेंट, म्हणजे पानावर उघडणारी तयार चौकट, क्रोममध्ये २०१४ला आला. फायरफॉक्स आणि सफारीत मार्च २०२२ उजाडला. मोडल म्हणून (मागचं पान अडवून) उघडलेला डायलॉग सगळ्या गठ्ठ्यांच्या वरच्या खास थरात जातो, तिथे झेड-इंडेक्सची स्पर्धाच नाही. पॉपओव्हर, म्हणजे कुठल्याही एलिमेंटला तसंच वरच्या थरात उघडायची-मिटायची सोय, २०२३मध्ये क्रोम आणि सफारीत, एप्रिल २०२४मध्ये फायरफॉक्समध्ये आला. बाहेर क्लिक केलं किंवा एस्केप दाबलं की तो स्वतः मिटतो.

पतसंस्थेचा मेन्यू मी पॉपओव्हरवर नेला. फोटोंचा प्रश्न मिटला, पण पान उघडताच मेन्यू उघडाच. जुन्या सीएसएसमध्ये मेन्यूच्या क्लासला 'डिस्प्ले फ्लेक्स' (मांडून दाखवायची एक रीत) होतं. ब्राउझर मिटलेल्या पॉपओव्हरला 'डिस्प्ले नन' देऊन लपवतो, आणि आपली शैली त्यावर मात करते. फ्लेक्सची ती ओळ फक्त उघड्या अवस्थेपुरती केली, तेव्हा मेन्यू मिटला.