सोबत म्हणून ठेवलेली बाई

घरी म्हाताऱ्या पेशंटला स्पंज करताना केअरटेकर बाईचा एक हात त्याच्या पाठीखाली असतो, दुसऱ्यात ओला नॅपकिन. नेमका तेव्हा त्याचा हात नको तिथे आला, तर झटकायला तिचा हात मोकळा नसतो. कामावर पाठवणाऱ्या एजन्सीला फोन केला की ठरलेलं उत्तर: 'आजारी माणूस आहे, मनावर घेऊ नका.' फारच झालं तर तिची ड्यूटी बदलतात. नवं काम मिळेपर्यंत ती बिनपगारी बसते आणि त्या घरी दुसरी बाई जाते.

या उत्तराला कायद्याचाही हातभार आहे. घरात होतं ते काम नव्हे, सोबत, असंच कायदा बराच काळ धरून चालला. अमेरिकेत १९३८ च्या किमान वेतन कायद्याबाहेर राहिलेल्या घरकामगारांना १९७४ मध्ये आत घेतलं, पण वृद्ध-आजाऱ्यांना 'सोबत' करणाऱ्यांना वगळून. एव्हलिन कोक या केअरटेकर ओव्हरटाइमसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ मध्ये हरल्या. (पगाराचा आणि छळाचा काय संबंध? जिचं काम कामात धरत नाहीत, तिची तक्रार तरी कोण धरणार.) लैंगिक छळ हा लिंगभेदच, हे त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केलं होतं. पण ज्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली मान्य केलं, तो किमान १५ कामगार असलेल्या मालकालाच लागू होतो. घरच्यांनी थेट ठेवलेली बाई तिथेच कायद्याबाहेर राहिली.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या भारताच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाचं ठिकाण म्हटलं. मूळ विधेयकात घरकामगार नव्हत्या, त्या मागाहून आल्या.

डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, माणसाचा संयम सुटतो, हे खरंच. तरीही पेशंटला समज नाही एवढ्यावरून मालकाची जबाबदारी संपत नाही, असं अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. ते प्रकरण मात्र वृद्धनिवासातलं होतं. तिथे हाकेच्या अंतरावर कुणीतरी असतं.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार क्रमांक १९० मंजूर केला. खासगी जागेत काम होत असेल तर तीही कामाची जागा, असं त्यात आहे. कराराला जोडलेल्या शिफारशीत रात्रपाळी आणि एकटीने करायचं काम यांचा वेगळा उल्लेख आहे. जिवाला, आरोग्याला किंवा सुरक्षिततेला गंभीर धोका वाटला तर काम सोडून निघून जाण्याचा हक्कही करारात आहे. अंथरुणाला खिळलेला माणूस अर्धवट पुसलेला, ओल्या चादरीवर पडलेला असताना तो हक्क कसा वापरायचा, ते लिहिलेलं नाही.