क्लबचं बुकिंग वेगळं, एक्सचेंज वेगळं

टाइमशेअरचा, म्हणजे एकदा मेंबरशिप घेऊन दरवर्षी रिसॉर्टमध्ये काही दिवस राहण्याच्या हक्काचा, विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या मेंबरशिपमध्ये जगभरची हजारो रिसॉर्टं येतात." येत नाहीत. क्लबची स्वतःची जेवढी आहेत तेवढीच येतात. बाकीची एक्सचेंज कंपनीच्या, म्हणजे वेगवेगळ्या रिसॉर्टांच्या मेंबरांत आठवड्यांची अदलाबदल घडवणाऱ्या कंपनीच्या, यादीतली. विक्रीच्या टेबलावर दोन्ही याद्या एकापाठोपाठ एक दाखवतात आणि फरक कोणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग आहे.

क्लबचं बुकिंग साधं आहे. आपला सीझन, स्टुडिओ की वन बेडरूम, दरवर्षीची एएसएफ (क्लबची वार्षिक फी), आणि डिसेंबरात गोवा हवं असेल तर बुकिंग उघडताक्षणी लॉगिन. जागा नाही मिळाली तर दिवस तुमच्याच खात्यात राहतात आणि जाब विचारायला समोर एकच कंपनी असते.

एक्सचेंजचं तसं नाही. आरसीआय ही एक्सचेंज कंपनी १९७४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला सुरू झाली ती सुट्टीतल्या घरांच्या मालकांना आपसात अदलाबदल करता यावी म्हणून. १९७६ मध्ये मायामीत इंटरव्हल इंटरनॅशनल ही तशीच दुसरी कंपनी आली. धंद्याचा गाभा आजही तोच आहे: कोणीतरी आपला आठवडा जमा करतो, म्हणून तो दुसऱ्याला मिळतो. ऑर्लँडोला टाइमशेअर रिसॉर्टं खच्चून भरलेली, तिथे सहज मिळतं. लंडन शहरात मुळात ती मोजकीच. मग मेच्या सुट्टीत तिथला आठवडा तुमच्यासाठी सोडणार कोण?

खरी अडचण मात्र 'डिपॉझिट' या टप्प्यावर होते. लोक समजतात, आठवडा तिथे ठेवलाय, काही मिळालं नाही तर परत घेऊ. पण जमा केलेला आठवडा तुमचा राहत नाही. तो सगळ्यांच्या जमा आठवड्यांच्या पूलमध्ये जातो, दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. तुमच्या हाती उरते ती फक्त त्याची ट्रेडिंग पॉवर, म्हणजे बदल्यात काय मागता येईल याची पत, आणि तिलाही मुदत असते. ही पॉवर ठरते रिसॉर्टला असलेल्या मागणीवर, सीझनवर, खोलीच्या आकारावर आणि तुम्ही किती आधी जमा केलं त्यावर. महाबळेश्वरचा ऐन पावसाळ्यातला स्टुडिओ आयत्या वेळी जमा करून ख्रिसमसला समुद्राकाठची टू बेडरूम मागितली, तर नकार ठरलेला. त्यात फसवणूक काही नाही, हिशेबच तसा आहे.

इंटरव्हलमध्ये आणखी एक वाट आहे: आधी मागणी नोंदवा, जुळेपर्यंत आठवडा स्वतःकडेच ठेवा. अट अशी की जो आठवडा सोडणार त्याच्या आधी किंवा फार तर त्याच तारखांना प्रवास करावा लागतो. ज्यांच्या तारखा शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या आहेत त्यांना मी हीच वाट सुचवेन.

आपल्याकडच्या बऱ्याच मेंबरशिप फ्लोटिंग असतात, ठरावीक आठवडा नावावर नसतो. तेव्हा क्लबने तुमच्या वतीने नेमकं कोणतं रिसॉर्ट, कोणता आठवडा आणि कोणती खोली जमा केली, ते ईमेलवर मागून घ्या. फोनवरच्या "हो सर, झालंय"ला काही किंमत नाही.

एक्सचेंजची वार्षिक फी, प्रत्येक अदलाबदलीची फी, तुमच्याऐवजी दुसरं कोणी राहणार असेल तर त्या पाहुण्याच्या नावाचं सर्टिफिकेट, हे सगळं दरपत्रकात मिळतं, त्यावर डोकं शिणवू नका. कन्फर्मेशन घेण्याआधी एवढं मात्र वाचा की रिसॉर्टवर जेवणाचं ऑल-इन्क्लुझिव्ह पॅकेज सक्तीचं आहे का. असेल तर 'फुकट'चा आठवडा हॉटेलइतकाच महाग पडतो.

आता विश्वासाचं. "एक्सचेंजमधून बोलतोय, तुमची मेंबरशिप विकून देतो, आधी जीएसटी भरा," असा फोन आला की ठेवून द्या. अदलाबदल आणि पुनर्विक्री ही दोन निराळी कामं आहेत. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशात दोन्ही करार वेगवेगळे धरले आहेत. अदलाबदलीच्या करारातून माघार घ्यायला १४ दिवस दिले आहेत आणि पुनर्विक्री पुरी होण्याआधी पैसे घ्यायला बंदी आहे. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यावरच भिस्त आहे. म्हणून पैसे भरण्याआधी एक्सचेंज कंपनीच्या स्वतःच्या साइटवर आपल्या रिसॉर्टचं नाव संलग्न म्हणून आहे का ते बघा, आणि फोन करायचा तर तिथल्याच नंबरवर करा.