लिंबूटिंबू संघ जिंकतात तेव्हा

गेल्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे दोनच्या सुमारास फोन वाजला. अशा वेळचा फोन म्हटलं की छातीत धस्स होतं. पलीकडे भाचा होता, अगदी रडवेला. "मावशी, हरलो गं आम्ही. नावही कधी ऐकलं नव्हतं अशा कॉलेजशी."

तो अमेरिकेत न्यू इंग्लंड भागातल्या एका छोट्या कॉलेजात शिकतो. तिकडे कॉलेजांच्या खेळांची एनसीएए नावाची मोठी संघटना आहे आणि तिनं कॉलेजांचे तीन गट पाडले आहेत. तिसऱ्या गटातली कॉलेजं बहुतेक लहान. त्यांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे मुलं प्रॅक्टिकल, परीक्षा सांभाळून हौसेनं खेळतात. मुलांच्या फुटबॉलचे (तिकडे त्याला सॉकर म्हणतात) चारशेहून जास्त संघ या गटात आहेत. त्यातले ६४ संघ हंगामाच्या शेवटी राष्ट्रीय स्पर्धेच्या बाद फेरीत खेळतात. हरलात की घरी.

त्या रात्री भाच्याच्या कॉलेजनं गोलावर २१ फटके मारले होते, समोरच्यांनी ४. त्या चारांतला एक कॉर्नरवरून आला, कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि आत गेला. निकाल ०–१. वसतिगृहातल्या मुलांच्या ग्रुपवर लगेच कारणं सुरू झाली. पंच वाईट होता, मैदान ओलं होतं, कर्णधारानं नेहमीचे मोजे घातले नव्हते. मला मात्र ते सगळं ऐकताना घोड्यांच्या लाथा आठवत होत्या. त्याला फोनवर सांगून नीट कळलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

लादिस्लाउस बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १८९८ साली प्रशियाच्या घोडदळातली एक विचित्र आकडेवारी छापली. दर वर्षी काही सैनिक घोड्याच्या लाथेनं मरत. कुठल्या तुकडीत, कुठल्या वर्षी, किती? त्यातल्या दहा तुकड्यांची वीस वर्षांची नोंद पाहिली की २०० खाती होतात आणि एकूण मृत्यू १२२, म्हणजे एका तुकडीत वर्षाला सरासरी ०.६१. आता नोंदी बघा. १०९ खात्यांत एकही मृत्यू नाही. ६५ खात्यांत एक, २२ खात्यांत दोन, तीन खात्यांत तीन, आणि एका खात्यात चक्क चार.

ज्या तुकडीत वर्षात चार जण गेले, तिथल्या लोकांना काय वाटलं असेल? घोडे माजलेत, तबेल्याला कुणाची नजर लागली आहे, अधिकारी बेफिकीर आहे. पण फ्रेंच गणिती पॉइसॉन यानं १८३७ साली एक सूत्र दिलं होतं. त्यात फक्त ती ०.६१ ची सरासरी घाला, बाकी काहीही सांगू नका. उत्तर येतं: शून्य मृत्यूची खाती १०९, एकाची ६६, दोनाची २०, तिनाची ४, आणि त्याहून जास्तीचं १. प्रत्यक्ष नोंदीशेजारी हे आकडे ठेवले की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. चार मृत्यूंच्या त्या वर्षासाठी कुठलंही खास कारण लागत नाही. दोनशे खात्यांत असं एखादं निघणारच.

हे सूत्र कुठे चालतं? संधी पुष्कळ असतात, प्रत्येक संधीत घटना घडण्याची शक्यता थोडी असते आणि एका संधीचा दुसरीशी फारसा संबंध नसतो, अशा ठिकाणी. आता फुटबॉलचा सामना डोळ्यांसमोर आणा. नव्वद मिनिटांत कितीतरी चढाया होतात. बहुतेक मधल्या मैदानातच विरतात. काहींतून फटका निघतो, आणि साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. गोल म्हणजे घोड्याची लाथच, क्वचित पडणारी.

घरी करून बघता येईल असा प्रयोग सांगते. ल्युडोचा फासा घ्या. सहा पडले तर गोल, बाकी काहीही पडलं तर फटका वाया. बलाढ्य संघासाठी फासा १२ वेळा टाका, लिंबूटिंबू संघासाठी ६ वेळा. म्हणजे एक संघ दुसऱ्याच्या दुप्पट चांगला, सरासरी दोन गोल विरुद्ध एक. मी जेवणाच्या टेबलावर बसून वहीत रेघा मारत असे वीस सामने खेळले. बलाढ्य संघ १२ जिंकला, पाच बरोबरीत सुटले आणि तीन सामने चक्क लहान संघानं मारले. त्यातल्या एका सामन्यात बारा वेळा फासा टाकून एकही सहा पडला नाही. लहान संघाला पहिल्याच फटक्यात पडला. तो फासा माझ्या हातात होता, ना मोजे होते ना पंच, आणि तरी भाच्याचाच सामना माझ्या टेबलावर पुन्हा झाला होता.

पॉइसॉनच्या सूत्रानं नेमका हिशेब केला तर दोन विरुद्ध एक अशा सरासरीला बलाढ्य संघ ६१ टक्के वेळा जिंकतो, २१ टक्के सामने बरोबरीत सुटतात आणि १८ टक्के वेळा लहान संघ जिंकतो. बाद फेरीत बरोबरी चालत नाही. दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव होतात. इतक्या थोड्या वेळात गोल होणं अवघड, त्यामुळे अशा सामन्यांतले निम्म्याहून अधिक पेनल्टीपर्यंत जातात, आणि तिथे नाणेफेकीसारखीच परिस्थिती असते. सगळं धरलं तर निम्म्या ताकदीचा संघ साधारण २७ टक्के वेळा पुढे जातो. म्हणजे चारांत एकदा, किंवा किंचित जास्तच. ६४ संघांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीचे ३२ सामने. त्यांत पाच-सात "धक्कादायक निकाल" लागले नाहीत, तर मला खरा धक्का बसेल.

आता माझा सर्वांत आवडता भाग. थोडं गणित आहे, पण सोबत राहा. पॉइसॉनच्या सूत्रात जितकी सरासरी, तिच्या वर्गमुळाइतका निकाल इकडेतिकडे हलतो. दोन संघांमधल्या गोलफरकासाठी दोघांची सरासरी मिळवायची आणि मग वर्गमूळ काढायचं. दोन आणि एक मिळून तीन, त्याचं वर्गमूळ १.७. संघांच्या ताकदीतला खरा फरक आहे एका गोलाचा आणि निकालाची थरथर आहे १.७ गोलांची. थरथर फरकापेक्षा मोठी! पुसट रेडिओवर खरखरीतून बातम्या ऐकण्यासारखं आहे हे. आता समजा हाच खेळ दहापट लांब चालला आणि सरासरी वीस विरुद्ध दहा झाली. ताकदीचं प्रमाण तेच, दुप्पट. फरक झाला दहाचा. थरथर मात्र तिसाच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे साडेपाच. दहापट लांब खेळल्यावर फरक दहापट वाढला आणि थरथर जेमतेम सव्वातीनपट. इथे लहान संघ जिंकण्याची शक्यता १८ टक्क्यांवरून जेमतेम तीन टक्क्यांवर येते. कबड्डीत एका संघाचे तीस-पस्तीस गुण होतात, कॉलेजांच्या बास्केटबॉलमध्ये साठ-सत्तर. तिथे दुबळ्या संघानं बाजी मारणं इतकं दुर्मीळ का, याचं बरंचसं उत्तर या वर्गमुळात आहे. एली बेन-नाईम आणि त्याच्या सहकारी भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पाच खेळांच्या शतकभराच्या निकालांचा अभ्यास मांडला होता. दुबळ्यानं बलवानाला हरवण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते फुटबॉलमध्येच.

मग दुबळ्या संघानं काय करावं? प्रशिक्षकांना हे गणित न मांडताच कळलेलं असतं. सगळे अकरा जण मागे ओढायचे, सामना कंटाळवाणा करायचा. स्वतःचे गोल कमी होतील, समोरच्याचेही होतील. दोन विरुद्ध एक ही सरासरी निम्म्यावर आणून एक विरुद्ध अर्धा करा. ताकदीचं प्रमाण अजूनही दुप्पटच आहे, पण बरोबरीचे सामने २१ वरून ३५ टक्क्यांवर जातात आणि लहान संघ पुढे जाण्याची शक्यता २७ वरून ३४ टक्के होते. नवा खेळाडू नाही, जास्तीचा सराव नाही, फक्त सामन्यातल्या लाथा कमी केल्या. म्हणून बचावात्मक खेळणाऱ्या लहान संघाला "भित्रा" म्हणणं मला पटत नाही. तो आपल्या वाट्याचं गणित चोख सोडवत असतो.

पॉइसॉनचं सूत्र फुटबॉलला तंतोतंत लागू पडत नाही, हेही सांगायला हवं. एक गोल झाला की दोन्ही संघ खेळायची रीत बदलतात, म्हणजे संधी एकमेकींपासून पूर्णपणे सुट्या राहत नाहीत. डिक्सन आणि कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये इंग्लंडच्या सामन्यांवरून दाखवलं की ०–० आणि १–१ हे निकाल सूत्राच्या अंदाजापेक्षा थोडे जास्त लागतात. म्हणजे बरोबरी थोडी जास्तच, आणि ती पुन्हा लहान संघाच्याच पथ्यावर पडते.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. अमुक संघ बलाढ्य हे ठरवलं कशावरून? हंगामातल्या वीसेक सामन्यांवरून. सरासरी दोन गोल धरले तर हंगामात चाळीस. चाळीसाचं वर्गमूळ सहा. म्हणजे तोच संघ, त्याच ताकदीनं खेळूनही, एका हंगामात ३४ गोल करेल नाहीतर ४६. त्यात देश एवढा मोठा की पूर्वेकडचे संघ आणि पश्चिमेकडचे संघ हंगामभर एकमेकांसमोर येतही नाहीत. मानांकनाची यादी धूसरच असते. भाच्याच्या कॉलेजला हरवणारा संघ खरोखर दुबळा होता का, याचीच मला शंका आहे. कदाचित ते कॉलेज बरोबरीचं असेल आणि नाव तेवढं अनोळखी असेल.

मोज्यांच्या गोष्टीकडे वळते, कारण ती मला खटकली आहे. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या पॉल नावाच्या ऑक्टोपसनं आठही सामन्यांचे निकाल बरोबर "सांगितले" आणि जगभर त्याची पूजाच बांधली गेली. आठ वेळा नाणं उडवून आठही वेळा बरोबर येण्याची शक्यता २५६ त एक. पण अशा स्पर्धांच्या वेळी ठिकठिकाणी किती पोपट, माकडं आणि ज्योतिषी भाकितं करत असतात! त्यांतल्या कुणा एकाचं जुळणारच, आणि चुकलेल्यांच्या बातम्या होत नाहीत. याच पॉलची २००८ च्या युरो स्पर्धेत सहापैकी दोन भाकितं चुकली होती. आज हाच धंदा "कृत्रिम बुद्धिमत्तेचं अचूक भाकीत" अशा नावानं ॲपवर चालतो. ज्या सामन्यात दुबळा संघ चारांत एकदा पुढे जातो, त्याचं अचूक भाकीत कुठलंही यंत्र करू शकत नाही. ते फार तर "चारांत एकदा" हा आकडा नीट सांगेल. त्याहून जास्त सांगणाऱ्याच्या हाती कुणी पैसे देऊ नयेत.

तिसऱ्या गटातला अ‍ॅमहर्स्ट कॉलेजचा संघ पाहा. २०१९, २०२१ आणि २०२३ या तिन्ही वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला आणि तिन्ही हरला. पहिल्यांदा टफ्ट्सकडून ०–२, शेवटच्या वेळी सेंट ओलाफकडून १–२. मधला, २०२१ चा, सामना कनेक्टिकट कॉलेजशी होता. निर्धारित वेळ संपली, जादा वेळ संपला, तरी १–१. मग पेनल्टी. कनेक्टिकट कॉलेजनं तोवर कुठल्याच खेळात एनसीएएचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं नव्हतं. ते पहिलं विजेतेपद त्यांना बारा यार्डांवरून मारलेल्या त्या फटक्यांनी मिळालं. मोठ्या विद्यापीठांच्या पहिल्या गटातही २०२४ मध्ये बिगरमानांकित व्हरमाँट विद्यापीठ उपांत्य सामना पेनल्टीवर आणि अंतिम सामना जादा वेळेत जिंकून विजेतं झालं.

विजेतेपदासाठी ६४ संघांत सलग सहा सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ७० टक्के असलेला, म्हणजे खरोखर उत्तम, संघ घ्या. सत्तर टक्के सहा वेळा गुणले की उरतात जेमतेम १२ टक्के. तो संघ आठांत सात वर्षं रिकाम्या हातानं परतणार.

आणि इथे मला खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे पेनसिल्वेनियातलं मेसाया कॉलेज (आता ते विद्यापीठ झालं आहे). २००० ते २०१७ या अठरा हंगामांत त्यांनी तिसऱ्या गटाचं विजेतेपद अकरा वेळा पटकावलं. यासाठी बाद फेरीतला प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता किती लागेल, याचा हिशेब मी उलटीकडून केला. नव्वद टक्क्यांच्या वर. तीही देशातल्या निवडक संघांपुढे. लिंबूटिंबू संघाच्या विजयाला खुलासा लागत नाही, पण मेसायाच्या या अठरा वर्षांचा खुलासा कुणीतरी अभ्यास करून द्यायला हवा.

हे सगळं मी भाच्याला पुढच्या रविवारी सांगितलं. त्यानं विचारलं, "मग फाशानं मेसाया कसं व्हायचं?" मी गणित करून सांगितलं, समोरच्याला सहा वेळा टाकू दे, तू चोवीस वेळा टाक. त्यानं खोलीतल्या मित्राला समोर बसवलं आणि फोन चालू ठेवूनच स्पर्धा सुरू केली. टेबलावर फासा आपटल्याचे आवाज येत होते. पहिला सामना ४–१. दुसरा ३–०. तिसरा ५–२. चौथ्यात चोवीस वेळा टाकून त्याला एकच सहा पडला, मित्राला सहांत दोन. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग भाच्याचा आवाज आला, "मावशी, थांब, पुन्हा टाकतो."