उरलेली पाच मिनिटं : रॉकच्या कॅसेट-अदलाबदलीची पार्श्वभूमी

१९८३ सालची सुरुवात. न्यू जर्सीतल्या ईस्ट ब्रन्सविक गावच्या जुन्या बाजारात जॉन आणि मार्शा झझुला हे नवरा-बायको रेकॉर्डचा ठेला चालवत होते. ठेल्याचं नाव 'रॉक अँड रोल हेवन'. युरोपातून आणलेल्या, अमेरिकेत सहजी न मिळणाऱ्या हेवी मेटलच्या रेकॉर्ड ही त्यांची खासियत. कॅलिफोर्नियातून हातोहात फिरत आलेली एक कॅसेट तिथे येऊन पोचली. तिच्यावर सात गाणी होती आणि नाव होतं 'नो लाइफ टिल लेदर'. बँडचं नाव मेटालिका. या पोरांचा तोवर एकही अल्बम निघालेला नव्हता. झझुलांनी ती कॅसेट ऐकली आणि पोरांना थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला बोलावून घेतलं. मोठ्या कंपन्या दाद देईनात, तेव्हा त्यांनी स्वतःचीच मेगाफोर्स नावाची कंपनी काढली. जुलै १९८३ मध्ये 'किल देम ऑल' हा मेटालिकाचा पहिला अल्बम बाजारात आला.

ती कॅसेट जिथे जिथे पोचली तिथे ती चाहत्यांनी पोचवली होती. कोणीतरी दोन कॅसेट डेक (कॅसेट वाजवायची-भरायची यंत्रं) जोडून नक्कल केली, पाकिटात घातली आणि सोबत चार ओळी लिहून दूरच्या गावी पोस्टाने धाडली. त्या माणसाने पुढे आणखी पाच जणांना. या अदलाबदलीला तिकडे 'टेप ट्रेडिंग' म्हणत. रॉकच्या निरनिराळ्या शाखा एकमेकींना कशा भेटल्या हे समजून घ्यायचं असेल तर या पाकिटांकडे बघावं लागतं, असं माझं ठाम मत आहे. रेकॉर्डच्या दुकानात पंक एका रकान्यात, मेटल दुसऱ्यात आणि प्रोग्रेसिव्ह तिसऱ्यात असायचं. कॅसेटवर मात्र ते सगळं एकापाठोपाठ एक यायचं.

याची मुळं कॅसेटच्याही आधीची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये रुस्लान बोगोस्लोव्स्की आणि त्याच्या साथीदारांनी दवाखान्यातून टाकून दिलेल्या एक्स-रेच्या फिल्मवर गाणी कोरायला सुरुवात केली. फिल्म गोल कापायची, मधोमध सिगारेटने भोक पाडायचं आणि घरगुती यंत्रावर तिच्यावर खाचा पाडायच्या. बंदी असलेलं जॅझ, परदेशी गेलेल्या रशियन गायकांची गाणी आणि पुढे रॉक अँड रोल असं सगळं त्यावर असे. उजेडात धरलं की त्यात बरगड्या दिसत, म्हणून लोक त्याला 'हाडांवरचं संगीत' म्हणत. बोगोस्लोव्स्कीला या उद्योगापायी तुरुंगात जावं लागलं. सुटल्यावर त्याने पुन्हा तेच काम हाती घेतलं.

अमेरिकेत तुरुंगाची भीती नव्हती, पण ओढ तीच होती. ग्रेटफुल डेड या बँडची प्रत्येक मैफल वेगळी व्हायची. आपल्याकडे एकच राग दोन रात्री सारखा उतरत नाही, तसंच काहीसं. त्यामुळे चाहते प्रत्येक मैफल ध्वनिमुद्रित करू लागले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या टेपांची देवाणघेवाण सुरू झाली. बँडने याला आडकाठी केली नाही. उलट १९८४ मध्ये मैफलीत मुद्रण करणाऱ्यांसाठी बसायची वेगळी जागाच नेमून दिली. ८ मे १९७७ ला कॉर्नेल विद्यापीठात झालेली त्यांची मैफल अधिकृतपणे बाजारात येण्याआधी अशाच टेपांतून हजारो घरांत पोचली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती पुढे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतली.

फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली १९६३ मध्ये. सुरुवातीला ती पत्र-मजकूर बोलून ठेवण्याची सोय होती. संगीतासाठी तिचा दर्जा सुधारायला आणि घरोघरी डेक यायला पुढची दहा-बारा वर्षं गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये एक लाट उठली. 'साउंड्स' या साप्ताहिकाने मे १९७९ मध्ये तिला 'न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल' असं नाव दिलं. डझनावारी नवे बँड स्वखर्चाने छोट्या रेकॉर्ड काढत होते. आयर्न मेडनने 'द साउंडहाउस टेप्स' या आपल्या पहिल्या रेकॉर्डच्या पाच हजार प्रती काढल्या आणि टपालाने विकल्या. एवढ्या प्रती साऱ्या जगाला कुठून पुरणार? ज्याच्या हाती एखादी लागली त्याच्याकडे नक्कल मागणाऱ्यांची रांग लागे.

या रांगेत कॅलिफोर्नियात राहायला आलेला एक डॅनिश मुलगा होता, लार्स उलरिक. १९८१ च्या उन्हाळ्यात तो डायमंड हेड या बँडसाठी एकटा इंग्लंडला गेला, मैफल ऐकली आणि चक्क बँडच्या पोरांच्याच घरी जाऊन राहिला. ड्रम तो आधीपासूनच वाजवायचा, परतल्यावर त्याला स्वतःचा बँड काढायचे वेध लागले. त्याचा टेप-मित्र ब्रायन स्लेगल एका रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा आणि फावल्या वेळात मेटलवर हाती बांधलेलं मासिक काढायचा. स्लेगल स्थानिक बँडांची गाणी एकत्र करून रेकॉर्ड काढतोय म्हटल्यावर लार्सने त्यात जागा मागितली. तेव्हा लार्सकडे धड बँडही नव्हता. १९८२ मध्ये ती रेकॉर्ड आली आणि तिच्या पहिल्या आवृत्तीत बँडचं नावच चुकीचं छापलं गेलं. बँडचं नावसुद्धा याच मंडळींकडून आलेलं. सॅन फ्रान्सिस्कोचा रॉन क्विन्टाना आपल्या मासिकासाठी नावांची यादी करत होता, त्यातलं 'मेटालिका' लार्सने उचललं. गाणी गोळा करणारे आणि गाणी रचणारे तेव्हा एकाच पंगतीला बसलेले होते.

व्यवहार चाले तो यादीवर. प्रत्येकाकडे टाइप केलेली किंवा हाताने लिहिलेली यादी असे. बँड, मैफलीची तारीख, गाव, किती मिनिटं आणि आवाज कितपत स्वच्छ, हे सगळं त्यात यायचं. 'तुझ्या यादीतलं हे दे, माझ्या यादीतलं ते घे' असा रोकडा हिशेब असे, पैसे मधे येत नसत. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल असं होत गेलं की प्रत्येक पायरीला खरखर वाढायची आणि झांजांचा आवाज मऊ पडायचा. म्हणून 'मूळ टेपपासून कितवी?' हा पहिला प्रश्न. टपालखर्च हा शाळकरी पोरांचा मोठा घोर. त्यावरचा उपाय जगभर एकच होता. तिकिटावर डिंकाचा पातळ थर द्यायचा. पाकीट मिळालेल्याने तिकीट पाण्यात भिजवलं की डिंकाबरोबर टपालाचा शिक्काही धुऊन निघे आणि तेच तिकीट परतीच्या पाकिटावर चढे. पत्राच्या तळाशी 'तिकिटं परत पाठव' अशी ओळ हमखास असायची.

आणि आता ती पाच मिनिटं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. एल.पी. साधारण चाळीस मिनिटांत आटोपायची. टेप कोरी ठेवणं पाठवणाऱ्याच्या जिवावर यायचं. मग उरलेल्या जागेत तो त्याला आवडलेलं, तुम्ही न मागितलेलं एखादं गाणं भरायचा. मला मावसभावाने दिलेल्या टीडीके कंपनीच्या कॅसेटवर एका बाजूला आयर्न मेडनचा अल्बम होता. तो संपला, दोन सेकंद शांतता, आणि एकदम बासरी. त्याने कार्डावर काहीच लिहिलं नव्हतं आणि तो तोवर नोकरीसाठी आखातात गेला होता. गाणं शेवटाला टेप संपल्यामुळे मधेच तुटायचं. तो जेथ्रो टल नावाचा बँड आहे हे कळायला मला तीन वर्षं लागली, आणि पूर्ण गाणं ऐकलं त्या दिवशी पुढचं कडवं सुरू झालं तेव्हा अंगावर काटा आला. मेटलच्या पलीकडे बघायला मला त्या तुटक्या गाण्याने शिकवलं.

मोठ्या प्रमाणावर हेच घडत होतं. मिशिगनमधल्या फ्लिंट या मोटारींच्या कारखान्यांच्या गावात रिपल्शन नावाचा बँड होता. मेटलच्या रिफना, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यांना, हार्डकोर या आक्रमक पंकचा वेग लावून त्यांनी १९८६ मध्ये अठरा गाणी मुद्रित केली. कंपनी मिळाली नाही, बँड मोडला. पण त्यांच्या टेप पाकिटांतून इंग्लंडपर्यंत गेल्या होत्या. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचा ड्रमर मिक हॅरिस अशा टेपांचा पक्का गिऱ्हाईक. १९८७ मध्ये त्यांचा 'स्कम' हा अल्बम आला. त्याच्या दोन बाजूंवर वेगवेगळी माणसं वाजवतात, दोन्हीकडे असलेला एकटा हॅरिस. अराजकवादी पंक आणि मेटल यांच्यातून 'ग्राइंडकोर' म्हणून ओळखला जाणारा प्रकार इथे उभा राहिला. बीबीसीच्या जॉन पीलने ही गाणी रेडिओवर लावली. ज्या रिपल्शनकडून हे सगळं आलं त्यांची ती अठरा गाणी अल्बम म्हणून निघाली १९८९ मध्ये, तीही इंग्लंडमधून, कारकास बँडच्या दोघांनी पुढाकार घेतला म्हणून. टेपांनी बँडचं ऋण फेडलं, असं मला वाटतं.

मेटालिकानेही आपलं ऋण उघडपणे मांडलं. १९८७ च्या त्यांच्या छोट्या रेकॉर्डवर सगळी गाणी इतरांची आहेत: डायमंड हेड, स्कॉटलंडचा होलोकॉस्ट, वेल्सचा बजी, लंडनचा पोस्ट-पंक बँड किलिंग जोक आणि न्यू जर्सीचे पंक मिसफिट्स. रेकॉर्ड दुकानाच्या हिशेबाने हे निदान तीन वेगवेगळे रकाने झाले. ती रेकॉर्ड ऐकताना एखाद्या जाणत्या मित्राने भरून दिलेली कॅसेट ऐकल्यासारखं वाटतं.

कंपन्यांना हे रुचणं शक्य नव्हतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रेकॉर्ड उद्योगाने 'घरी टेप करणं संगीताचा जीव घेतंय' अशी मोहीम काढली. कवटीच्या जागी कॅसेट आणि खाली फुलीसारखी ठेवलेली दोन हाडं, असं तिचं चिन्ह. कॅलिफोर्नियाच्या डेड केनेडीज या पंक बँडने १९८१ मधल्या आपल्या कॅसेटची एक बाजू मुद्दाम कोरी सोडली आणि वर छापलं, की उद्योगाचा नफा मारायला तुम्हालाही हातभार लावता यावा म्हणून ही बाजू मोकळी ठेवली आहे. कलाकाराचं नुकसान हा मुद्दा खोटा नव्हता. पण या पाकिटांत फिरणारं बरंचसं संगीत कोणत्याच दुकानात विकत मिळत नव्हतं, हे त्या मोहिमेत कुणी ध्यानात घेतलं नाही.

मुंबईची गोष्ट निराळी. इथे डेमो कॅसेटच्या (अल्बम निघण्याआधी बँडने नमुना म्हणून केलेल्या) याद्या पाठवण्यापेक्षा मूळ रेकॉर्ड मिळवणंच अवघड होतं. आयातीवर निर्बंध होते. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये भारतात निघालेल्या आवृत्त्या मिळत, बाकीचं जहाजावरचे, विमान कंपन्यांतले आणि परदेशी राहणारे नातेवाईक घेऊन येत. एका घरात एल.पी. आली की आठवड्याभरात तिच्या वीस-पंचवीस कॅसेट व्हायच्या. गल्लोगल्लीच्या कॅसेटवाल्याकडे वहीत याद्या असत. कोरी कॅसेट आणि गाण्यांचे क्रमांक दिले की दोन दिवसांनी भरून मिळायची.

भेटायची जागा होती धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव भरू लागला. डोंबिवली-विरारपासून पोरं काळे टी-शर्ट घालून यायची, आणि दोन बँडांच्या मधल्या वेळात पायऱ्यांवर कॅसेटची देवाणघेवाण चालायची. 'हे ऐकलंस का?' या एका प्रश्नावर कितीतरी मैत्र्या जुळल्या. १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन हा त्या पिढीचा मुंबईतला लाडका बँड, गिटारवर महेश टिनईकर. तो पुढे इंडस क्रीड झाला. १९९३ मध्ये अलाहाबादहून अमित सैगलने 'रॉक स्ट्रीट जर्नल' सुरू केलं आणि शिलाँगचा बँड, बंगळुरूचा बँड, मुंबईचा बँड एका अंकात दिसू लागले. हे मासिक मुंबईतून किंवा दिल्लीतून न निघता अलाहाबादहून निघालं याचं मला आजही अप्रूप वाटतं. रंगभवन शेजारच्या रुग्णालयांमुळे शांतता क्षेत्रात आलं आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तिथलं रॉक थांबलं. ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं.

तोवर अदलाबदल संगणकावर गेली होती. जून १९९९ मध्ये इंटरनेटवरून एकमेकांच्या संगणकातली गाणी घेता येतील अशी नॅपस्टर नावाची सोय आली. पुढच्याच एप्रिलमध्ये तिच्यावर खटला भरला तो मेटालिकाने. जुन्या टेपवाल्यांना ते फार लागलं. लार्सचं म्हणणं होतं की न निघालेली गाणी आमच्या संमतीशिवाय लाखोंना मिळतात, हे दोन मित्रांच्या कॅसेटसारखं नाही. त्यात तथ्य होतं. कॅसेट भरायला नव्वद मिनिटं बसावं लागे, आणि ती कुणासाठी भरतोय हे भरणाऱ्याला माहीत असे.

२०१५ मध्ये मेटालिकाने 'नो लाइफ टिल लेदर' प्रथमच अधिकृतपणे बाजारात आणलं, आणि आणलं ते कॅसेटवरच. आतल्या कार्डावर गाण्यांची नावं छापील अक्षरांत नाहीत. १९८२ मध्ये लार्सने नक्कल करताना जशी घाईघाईत लिहिली होती, तशीच त्याच्या हस्ताक्षरात आहेत.