पफर जॅकेट आणि स्की जॅकेट: दिसायला सारखी, कामाला वेगळी

गुलमर्गला स्कीइंग शिकायला निघायच्या आधी आमच्या पलंगावर दोन जॅकेटं शेजारी शेजारी पसरलेली होती. एक निळं फुगीर पफर, डिसेंबरात पहाटे फिरायला जाताना आपण सगळे घालतो तसलं, आणि दुसरं स्की जॅकेट, जे हातात घेतलं तर पफरपेक्षा पातळ आणि जरा कडकच लागतं. आमच्या सासूबाईंनी दोन्ही चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, हे पातळ कशाला नेतेस पोरांना, हे जाडं केवढं उबदार आहे!" नाशकात कुणालाही विचारलं तर हेच उत्तर येईल, आणि नाशकापुरतं ते बरोबरही आहे.

कारण आपली थंडी कोरडी. निफाडला पारा चार-पाचवर येतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवतात, पण अंगावर काही पडत नाही, काही भिजत नाही. अशा थंडीत अंगाभोवतीची गरम हवा अडवून धरली की काम झालं, आणि पफर तेवढंच करतं. त्याच्या कप्प्यांत पिसं असतात नाहीतर पॉलिस्टरचे तंतू, त्यात हवा अडकून बसते, ऊब सगळी त्या अडकलेल्या हवेची. म्हणून ते फुगीर असावं लागतं. दाबलं गेलं किंवा ओलं झालं की हवा जाते आणि ऊबही जाते, पिसांची तर फारच, ती ओली झाली की चिकटून गोळे होतात. पॉलिस्टरचे तंतू ओले झाल्यावरही थोडीफार ऊब धरतात, त्यामुळे स्वस्तातलं पफर घेतलंय म्हणून वाईट वाटून घेऊ नका, बर्फाच्या ठिकाणी उलट तेच बरं पडतं.

स्कीइंग शिकताना काय होतं ते डोळ्यासमोर आणा. पहिले दोन दिवस माणूस स्की करतो कमी आणि बर्फात बसतो जास्त. पडतो, हात टेकतो, गुडघ्यावर येतो, पुन्हा उभं राहायला पाच मिनिटं झटापट करतो, आणि या सगळ्यात अंगाच्या उष्णतेने बर्फ वितळून कपड्यात शिरतो. वरून घामही येतो, भरपूर येतो, कारण स्की घालून दहा पावलं चढ चढणं म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गडाच्या पायऱ्या चढण्यासारखंच आहे. मग उन्हातून सावलीत आलात, रांगेत उभे राहिलात की ते ओलं कापड अंगाला चिकटतं, आणि पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मागच्या वर्षी माझे दीर-जाऊ पोरांना घेऊन मनालीजवळच्या सोलंगला गेले होते, पुतण्याच्या अंगात दोन स्वेटर आणि वर महागातलं पफर, खाली मात्र जीन्स आणि हातात लोकरीचे मोजे. अर्ध्या तासात मागून जीन्स ओली, बोटं लाल, आणि तो असा रडायला लागला की दिवसभराचे पैसे भरलेले सोडून त्याला हॉटेलवर आणावं लागलं. जाऊबाई अजून सांगताना हळव्या होतात. पोराला थंडी पुरेशा कपड्यांअभावी वाजली नव्हती, तो भिजला होता.

तर स्की जॅकेटचं मुख्य काम ऊब देणं नाहीच, पाणी आणि वारा बाहेर ठेवणं आणि घामाची वाफ बाहेर सोडणं हे त्याचं काम. ऊब आतल्या कपड्यांनी द्यायची.

फरक बघायचा असेल तर घरीच बघता येतो, मी बघितला. स्टीलच्या वाटीत टिश्यू पेपर ठेवला, वरून पफरची बाही ताणून रबर लावलं आणि दोन चमचे पाणी ओतलं. सुरुवातीला अगदी अळवाच्या पानावर दिसतं तसं, टपोरे थेंब, इकडून तिकडे घरंगळणारे, आणि वाटतं की अरे हे तर वॉटरप्रूफ आहे! मग अंगठ्याने शिवणीवर जरा दाब दिला आणि तसाच धरून ठेवला. एक-दोन मिनिटांत थेंब चपटे झाले, कापड गडद झालं, टिश्यू ओला. स्की जॅकेटवर तेच केलं, दहा मिनिटं दाबून धरलं, टिश्यू कोरडा. दुकानात तुम्हाला फक्त ते टपोरे थेंब दाखवतात. आम्हालाही एका दुकानात ग्लासातलं पाणी शिंपडून "ताई, एकदम वॉटरप्रूफ, डोळे झाकून न्या" असं सांगितलं होतं आणि आम्ही खरंच नेलं, आणि ते पैसे आधी या वाटीच्या प्रयोगात आणि मग गुलमर्गला पुन्हा एकदा फुकट गेलेले कळले.

थेंब घरंगळतात ते कापडावरच्या रासायनिक लेपामुळे, तो दोन्ही जॅकेटांवर असतो आणि धुऊन घासून कमी होत जातो. लेबलवर वॉटर रेपेलंट किंवा वॉटर रेझिस्टंट लिहिलं असेल तर एवढंच समजायचं. वॉटरप्रूफ म्हणजे लेपाच्या खाली, कापडाच्या आतल्या बाजूला एक अखंड पडदा किंवा थर असतो. आणि पफरचं मूळ दुखणं तर नुसतं बघितलं तरी कळतं, आडव्या आडव्या शिवणींची ओळ न् ओळ, प्रत्येक टाका म्हणजे सुईने पाडलेलं एक भोक, अशी हजारो. स्की जॅकेट उलटं करून बघा, शिवणीवरून आतून एक गुळगुळीत चकाकती पट्टी चिकटवलेली दिसेल, ती भोकं बंद करायला असते. ही पट्टी सगळ्या शिवणींवर आहे की फक्त खांद्यावर हे दुकानात उभं राहून तपासा, मला विचाराल तर ब्रँडच्या नावापेक्षा हे महत्त्वाचं. शिवाय कमरेला आतून इलॅस्टिकचा पट्टा असतो, पडल्यावर बर्फ पाठीत शिरू नये म्हणून, मनगटाला वेल्क्रो असतं, काखेत बऱ्याचदा चेन असते घाम आला की उघडायला. पफरमधे यातलं सहसा काही नसतं.

लेबलवर आकडे असतात त्यांना घाबरू नका. 5,000 किंवा 10,000 मिलिमीटर असं लिहिलेलं असतं ते म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पाणी आरपार यायला लागतं, 10,000 म्हणजे 10 मीटर. आपल्याला वाटतं एवढं कशाला, पण सगळं वजन दोन गुडघ्यांवर आलं की तेवढ्या जागेवर दाब खूप वाढतो आणि नवशिका सारखा गुडघ्यावरच असतो. पहिल्या ट्रिपला 10,000 पुष्कळ झालं, 20,000 वाल्याचे जादा पैसे देऊ नका. दुसरा आकडा ग्रॅममधे असतो, एक चौरस मीटर कापडातून 24 तासांत किती वाफ बाहेर पडते तो, तोही 5,000 ते 10,000 मधे असला की ठीक.

मग आमच्या ह्यांनी विचारलं की पावसाळ्यातला रेनकोटच पफरवर घातला तर? प्रश्न रास्त आहे, पाणी तर तोही आत येऊ देत नाही. पण आठवून बघा, ऑगस्टमधे अंजनेरी नाहीतर हरिहर चढताना प्लास्टिकचा रेनकोट घातला की वर पोचेपर्यंत आतूनच आपण चिंब होतो, पाऊस बाहेर आणि घाम आत. याचाही प्रयोग होतो, वाटीत कढत पाणी घ्या, वर कापड बांधा आणि त्यावर गार ताटली धरा. रेनकोटवर धरलेली ताटली कोरडी राहिली, वाफ सगळी आतच, कापडाच्या खालून थेंब लोंबत होते, स्की जॅकेटवरची मात्र धूसर झाली. वाफ जाईल पण पाणी येणार नाही असा पडदा शक्य झाला त्याचं मूळ 1969 मधलं, बॉब गोर यांनी टेफ्लॉनची तापवलेली कांडी हळूहळू न ताणता एकदम हिसका देऊन ओढली आणि ती भलतीच लांब होऊन आत सूक्ष्म छिद्रांची जाळी तयार झाली, गोर-टेक्स ते हेच. स्वस्त जॅकेटांत बहुतेक पॉलियुरेथेनचा थर असतो, वाफ जरा कमी सोडतो, पण चार-पाच दिवसांसाठी अगदी व्यवस्थित.

आता पैशांचं. माझं ठाम मत आहे की बजेट कमी असेल तर जॅकेटच्या आधी पँटवर खर्च करा. सगळे उलटं करतात, फोटोत जॅकेट दिसतं म्हणून. बर्फात टेकतं ते बूड आणि गुडघे. पँट वॉटरप्रूफ हवी, खाली बुटावर बसणारा आतला इलॅस्टिकचा पट्टा हवा, आणि लहान मुलांना शक्यतो खांद्यावर पट्टे असलेली घ्या म्हणजे कमरेतून बर्फ जात नाही. त्यानंतर हातमोजे, लोकरीचे अजिबात नको, वॉटरप्रूफच, आणि सात-आठ वर्षांच्या खालच्या मुलांना चार बोटं एकत्र असणारे मिटन्स, बोटं एकमेकांना ऊब देतात आणि घालायला भांडण होत नाही. जॅकेट तिसऱ्या नंबरावर. पोरांचं सगळं एक साईज मोठं चालतं. नाशकात बर्फाचे कपडे ठेवणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, त्यामुळे आम्ही दोन गोष्टी इथे घेतल्या, बाकी ऑनलाइन, आणि माझं स्वतःचं जॅकेट एका ट्रेकिंगवाल्या मैत्रिणीकडून उसनं आणलं. ट्रेकवाल्यांकडे विचाराच, नाशकात त्यांची कमी नाही, वॉटरप्रूफ जॅकेट आणि फ्लीस (पॉलिस्टरचं मऊ, लोकरीसारखं उबदार जॅकेट) दोन्ही मिळून जातं.

आतल्या कपड्यांवर जवळजवळ खर्च नाही. अंगाला लागून सुती बनियन नको, सुती थर्मलही नको, सूत घाम पितं आणि सोडत नाही. पळायच्या स्पर्धांत मिळतात ते ड्रायफिट टीशर्ट असतील ना घरात, पॉलिस्टरचे, तेच पूर्ण बाह्यांचे सगळ्यात आत घाला, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर स्की जॅकेट, बस. गरम झालं तर फ्लीस काढून बॅगेत. एकच जाड थर असला की काढलं तर गारठतो आणि ठेवलं तर घामाने भिजतो. मोजे एकच जोडी, गुडघ्यापर्यंत, लोकरमिश्रित. दोन जोड्या घातल्या की बुटात पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात, शिवाय सुरकुतीने फोड येतात ते वेगळे.

स्की, बूट, पोल्स (हातातल्या काठ्या) आणि हेल्मेट तिथेच भाड्याने घ्या, पहिल्या ट्रिपला विकत घेण्याचा विचारही नको. भाड्याने देणाऱ्याला वजन खरं सांगा, बायकांनो विशेषतः, कारण पडल्यावर बूट स्कीतून किती जोरावर सुटायला हवा हे वजन, उंची, वय आणि बुटाच्या मापावरून बसवतात आणि ते चुकलं तर गुडघा जातो. बूट घालून ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम लागावीत, गुडघे पुढे वाकवले की सुटावीत. रस्त्यात टंगमर्गला लांब कोट आणि गमबूट भाड्याने देतात, ते बर्फात फिरायला ठीक, स्कीला नाही. गॉगल मात्र चांगला घ्या, ताजा बर्फ अतिनील किरणं 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळे अक्षरशः भाजतात. लांब मफलर, ओढणी नको, लिफ्टमधे अडकते, गळ्यात बफ, म्हणजे डोक्यातून घालायची कापडी नळी, घाला.

आणि गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर अफरवटच्या डोंगरावर गेलात तर तिथे उंची 3,900 मीटरच्या पुढे, खाली गुलमर्ग 2,650 च्या आसपास, म्हणजे आठेक डिग्री जास्त गार आणि वारा वेगळाच. शिकणाऱ्यांचे उतार खालीच आहेत, त्यामुळे कपडे खालच्या हिशोबाने घ्या, वर नुसतं बघायला जायचं तर फ्लीसच्या जागी तेच निळं पफर आत घाला आणि वरून स्की जॅकेट. पफर न्यायचंच, संध्याकाळी हॉटेलच्या बाहेर चहाला, श्रीनगरात फिरायला त्याच्याइतकं सुखाचं काही नाही. सासूबाई आल्या होत्या, त्या स्की करणार नव्हत्या, बाकावर उन्हात बसून नातवंडं बघणार होत्या, त्यांना पफरच दिलं आणि खाली बसायला प्लास्टिकची घडी.

रात्री खोलीत सगळं उलटं करून टांगा, हातमोज्यांचं अस्तर बाहेर काढून, हीटरला चिकटवू मात्र नका. घरी आल्यावर स्की जॅकेट धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, लेप मरतो, साधा लिक्विड साबण आणि दोनदा खळबळून घ्या. लेबलवर परवानगी असेल तर सुकल्यावर मंद इस्त्री फिरवा, थेंब पुन्हा अळवावर घरंगळतात तसे घरंगळायला लागतात. आमच्या धाकट्याची पँट अशीच धुऊन, इस्त्री करून दिरांकडे पाठवली आहे, पुतण्या या जानेवारीत पुन्हा सोलंगला जातोय.